चामड्यावर उतरवलेलं डिझाइन पुसट होतं, सरकतं, काळं पडतं: दोष कुठे शोधायचा

रात्री जेवणं उरकल्यावर निवांत बसून ओलसर चामड्यावर डिझाइन उतरवलं, म्हणजे पारदर्शक फिल्मवर काढलेली नक्षी स्टायलसनं, बोथट टोकाच्या हत्यारानं, गिरवून चामड्यात दाबली. एक वेल, दोन कमळं, मध्ये नाव. झकास उमटलं. सकाळी त्या रेघा कापायला स्विव्हल चाकू (फिरत्या पात्याचा) हातात घेतला, चामडं जरा कोरडं वाटलं म्हणून वरून ओला स्पंज फिरवला आणि अर्धी वेल डोळ्यांदेखत गायब झाली. दिवा तिरपा धरून पाहिलं तरी पाकळ्या सापडेनात. घाईघाईत तीच फिल्म पुन्हा वर ठेवून गिरवलं, तर प्रत्येक पाकळीला शेजारी जुळी पाकळी फुटली.

माझं पहिल्या दोन वर्षांतलं निम्मं चामडं असंच वाया गेलं. स्टायलस बदलून पाहिले, बारीक टोकाचा, जाड टोकाचा, दोन्हीकडून टोक असलेला. कागद बदलले. हात जास्त दाबून पाहिला. शेवटी कळलं की घोळ पाण्याचा होता. आजही कुणी अर्धवट उमटलेल्या डिझाइनचा फोटो दाखवला की मी आधी विचारतो, भिजवलं कधी आणि झाकून किती वेळ ठेवलं? उत्तर बहुतेक वेळा "आत्ताच स्पंज मारला" असं येतं.

आधी चामडं तपासा

हे पटकन उरकू. टूलिंगला, म्हणजे चामड्यावर कापून-ठोकून नक्षी उठवायला, झाडांच्या साली-फळांच्या कसावर कमावलेलं, म्हणजे व्हेज-टॅन चामडंच लागतं. आपल्याकडे त्यासाठी बाभळीची साल, हिरडा, तमिळनाडूकडे तरवडाची साल असं काय काय वापरत आले आहेत. हे चामडं ओलं असताना दाबलं की दबतं आणि वाळलं की तसंच राहतं. क्रोम-टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं रबरासारखं पुन्हा वर येतं. त्यावर कितीही गिरवा, तासाभरात रेघ नाहीशी. बॅगा शिवणाऱ्यांकडे स्वस्तात मिळणारी कात्रणं बहुतेक क्रोमचीच असतात. तुकडा कापून कड बघा. मधोमध निळसर-राखाडी पट्टा दिसला तर तो क्रोम समजा. गडद रंगवलेल्या चामड्यात मात्र कड फसवते, तिथे विक्रेत्याला सरळ विचारावं.

दुसरी परीक्षा पाण्याच्या थेंबाची. थेंब जिरला आणि तिथे गडद डाग पडला तर काम होईल. अळवाच्या पानावर बसावा तसा मोत्यासारखा बसून राहिला, तर वर मेण किंवा फिनिशचा थर आहे. त्यावर पाणी आत जाणार नाही आणि रेघही उमटणार नाही.

कोल्हापुरी चपलेच्या तळाचं चामडं चालतं का, हा प्रश्न हमखास येतो. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही चप्पल पारंपरिक पद्धतीनं कमावलेल्या चामड्याचीच, त्यामुळे तत्त्वतः चालतं. पण तळाचं कातडं जाड आणि कडक असतं, स्पंजनं त्याला काही होत नाही. पाण्यात चांगलं बुडवून ठेवावं लागतं. मी त्यावर मोठ्या, साध्या रेषांचंच काम करतो. बारीक नक्षीच्या नादाला लागत नाही.

पाणी: खरा घोळ इथेच

वरवर स्पंज फिरवला की फक्त वरची त्वचा मऊ होते, आतला भाग कोरडा ठणठणीत. अशा वेळी स्टायलसची रेघ त्या पातळ ओल्या थरातच बसते, खाली रुजत नाही. नंतर चाकू चालवायला पुन्हा पाणी लावलं की तो थर फुगतो आणि उथळ रेघ मिटून जाते. माझी वेल अशीच गेली होती. सकाळी मारलेला स्पंज तिला भोवला.

उलटी चूकही तितकीच होते. चामडं थबथबीत ओलं असतानाच गिरवायला बसायचं. रेघ खोल दिसते, मन खूश होतं, पण ती चिखलात काठीनं ओढलेल्या रेघेसारखी. हळूहळू कडा आत येतात आणि रेघ बुजते. शिवाय अशा ओल्या चामड्यात स्टायलस वरचा पापुद्रा खरवडतो.

मी करतो ते असं. संध्याकाळी दोन्ही बाजूंनी स्पंजनं भरपूर पाणी लावायचं. सगळ्या तुकड्याला, कडेपासून कडेपर्यंत. नुसतं डिझाइनपुरतं ओलं केलं तर वाळल्यावर पाण्याची किनार उमटते आणि ती रंगातूनही डोकावते. वरचं चकाकणारं पाणी जिरलं की तुकडा झिपच्या पिशवीत घालून रात्रभर ठेवून द्यायचा. रात्रीत ओल सगळीकडे सारखी मुरते. सकाळी पिशवीतून काढून उघड्यावर ठेवायचा आणि बघत बसायचं. गडद झालेला रंग मूळ रंगाकडे परतू लागतो, पण गालाला लावलं तर चामडं अजून गार लागतं. हीच वेळ. हाताला नीट कळत नाही, गालाला कळतं.

तरी खात्री नसेल तर त्याच चामड्याची एक पट्टी सोबत भिजवलेली असावी. तिच्यावर अंगठ्याचं नख सावकाश दाबा. नखाभोवती पाणी पाझरलं तर अजून थांबा. नखाची खूण फिकट, पांढुरकी आली आणि बोट फिरवल्यावर जवळजवळ दिसेनाशी झाली तर कोरडं झालंय. खूण स्पष्ट, थोडी गडद आणि कडा नीट बसलेल्या दिसल्या तर स्टायलस उचला. या पट्टीचा मला फार फायदा झाला. पूर्वी मी हीच परीक्षा खऱ्या तुकड्याच्या कोपऱ्यावर करायचो आणि मग त्या नखांच्या खुणा झाकायला कोपऱ्यात फुलं काढायचो.

पिशवीतून काढल्यावर किती वेळ थांबायचं याचं घड्याळी उत्तर माझ्याकडे मागू नका. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हाळ्यात पंख्याखाली ठेवलेला तुकडा डोळ्यांसमोर वाळतो. तोच तुकडा जुलैत कोल्हापुरात तासभर तसाच गार पडून राहतो. पंखा बंद करा, एवढं मात्र सगळ्यांना सांगतो. एका बाजूनं वाळत जाणारं चामडं हे अर्ध्या पुसट डिझाइनचं मोठं कारण आहे. डावीकडे रेघा ठसठशीत, उजवीकडे मरतुकड्या, असं झालं तर पंखा आणि खिडकी कुठल्या बाजूला होती ते आठवा.

पावसाळ्यातला वेगळा त्रास बुरशीचा. भिजलेलं चामडं दोन-तीन दिवस पिशवीत राहिलं की काळे-हिरवे ठिपके येतात, आणि ते पूर्ण जात नाहीत. दुसऱ्या दिवशी काम होणार नसेल तर पिशवी फ्रिजमध्ये ठेवावी. कोथिंबिरीशेजारी चामडं ठेवण्यावरून घरात जे ऐकावं लागेल ते ऐकून घ्यावं.

काम चालू असताना चामडं वाळू लागलं तर स्पंज अगदी हलका, पिळून घेतलेला, आणि सगळ्या तुकड्यावरून फिरवायचा. रात्रभर ओल मुरवलेली असेल तर रेघा यानं मिटत नाहीत.

जुळ्या रेघा

याला दोन कारणं. एक, कागद. बटर पेपर किंवा साधा ट्रेसिंग पेपर ओल्या चामड्यावर ठेवला की तो ओल धरतो, फुगतो, सुरकुततो. तुम्ही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत कागद मिलिमीटरभर वाढलेला असतो, आणि स्टायलसनं फाटतो ते वेगळंच. एका बाजूनं खरखरीत असलेली पॉलिएस्टरची ट्रेसिंग फिल्म घ्या. ती न मिळाल्यास प्रोजेक्टरवर लावायची जुनी पारदर्शक ओएचपी शीट चालते. फिल्मच्या खरखरीत बाजूवर शिसपेन्सिलीनं काढा आणि ती बाजू वर ठेवा. खाली ठेवली तर शिसं ओल्या चामड्यावर उतरतं आणि करडा धुरकटपणा शेवटपर्यंत राहतो.

दुसरं कारण, फिल्म सरकणं. ओल्या चामड्यावर मास्किंग टेप चिकटत नाही, आणि जिथे चिकटते तिथे काढताना वरची त्वचा घेऊन येते. म्हणून फिल्म तुकड्यापेक्षा मोठी कापायची, कडेवरून मागे दुमडायची आणि टेप मागच्या कोरड्या कडप्प्याला किंवा बोर्डाला लावायची. मी कडप्प्याचा ओट्यातून उरलेला तुकडा वापरतो. टेपच्या जोडीला जाड पुठ्ठा ठेवून त्यावर वरवंटा ठेवला तरी फिल्म हलत नाही. वरवंटा थेट ठेवू नका, ओल्या चामड्यावर त्याचाही ठसा येतो. अंगठ्या, बांगड्या, घड्याळाचा पट्टा हे सगळं आधी काढून ठेवा. मनगट टेकवून गिरवायची सवय असेल तर हे फार महागात पडतं.

जुळ्या रेघा आल्याच तर दोन्हीतली कुठली खरी हे ठरवण्यापूर्वी फिल्म पुन्हा ठेवू नका. चमच्याच्या आकाराचं मॉडेलिंगचं हत्यार चुकीच्या रेघेवरून गोल गोल, हलकेच फिरवा. ओल असेल तर उथळ रेघ बरीचशी बसते. पूर्ण जाणार नाही, पण बेव्हलरच्या (कापलेल्या रेघेची एक कड ठोकून खाली बसवायच्या हत्याराच्या) ठोक्यांखाली लपेल इतकी मंद होते. पार्श्वभूमी ठोकून खाली बसवणार असाल तर तिथल्या चुकीच्या रेघांची काळजीच नको.

शिरोरेषेला पोट येतं

देवनागरी नाव कोरणाऱ्यांची ही खास तक्रार. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, थोडं इकडेतिकडे झालं तर खपतं. आपल्याकडे डोक्यावर सरळ रेघ. ती वाकली की लांबूनही कळतं.

घडतं असं. बेव्हलरचा प्रत्येक ठोका ओलं चामडं थोडं बाजूला ढकलतो. शिरोरेषेच्या खाली अक्षरांच्या पोटात, कान्यांच्या कडेनं शेकडो ठोके पडतात, वर मात्र एकच ओळ. खालचा भाग पसरतो, वरचा तसाच राहतो, आणि पातळ चामडं असेल तर शिरोरेषा धनुष्यासारखी होते. डायरीच्या कव्हरवर पाच अक्षरी नाव कोरलं होतं, वाळल्यावर पट्टी लावली तर मध्ये चार मिलिमीटरचा फरक निघाला. डिझाइन उतरवताना रेघ अगदी सरळ होती, त्यामुळे मी आठवडाभर फिल्मलाच दोष देत होतो.

उपाय म्हणजे चामड्याला मागून आधार. चामडं कोरडं असतानाच मागच्या लवदार बाजूला पॅकिंगची रुंद टेप शेजारी शेजारी लावून घासून बसवायची. मग पाणी फक्त वरून लावायचं, दोन-तीन वेळा, आणि पिशवीत मुरवायचं. मोठं काम असेल तर जुनी एक्स-रे फिल्म रबरी चिकटवणीनं मागे डकवतो. घरोघरी कपाटावर पडलेल्या त्या फिल्मचा याहून चांगला उपयोग मला सुचलेला नाही. काम वाळल्यावर टेप सावकाश, सपाट ओढून काढायची, झटका दिला तर लव उपटून येते.

पट्ट्याच्या बाबतीत टेप लावूनही लांबी थोडी वाढतेच. म्हणून कमरेच्या मापाची भोकं आणि टोक टूलिंगनंतर कापावं. आणि पट्टा जनावराच्या पाठीच्या कण्याला समांतर कापलेला असावा. पोटाकडचं चामडं सैल असतं, ते कुठेही पसरतं.

देवनागरीत गिरवायचीही एक खुबी आहे. शिरोरेषेची खालची कड सलग ओढू नका. जिथे कान्याचा किंवा अक्षराचा दांडा तिला मिळतो तिथे रेघ तोडा. म्हणजे अक्षर आणि शिरोरेषा मिळून जो एकसंध आकार होतो, त्याची बाह्यरेषा उतरवा. सलग ओढली तर चाकूही सलग फिरतो, काप एकमेकांना छेदतात आणि त्या छेदातला चामड्याचा कोपरा बेव्हलरनं उचकटून येतो. ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ आणि ‘श्र’ची गाठ इथे हमखास हे होतं. ‘ब’, ‘व’, ‘क’ यांच्या पोटातली जागा किती उरते तेही फिल्मवर असतानाच बघा. बेव्हलरचं टोक आत मावत नसेल तर अक्षर मोठं करा. दीड सेंटिमीटरपेक्षा लहान देवनागरी अक्षर दुहेरी रेषेत मी घेत नाही. गिऱ्हाईक रुसलं तरी चालेल.

काळे-निळे डाग

उतरवताना स्वच्छ होतं, तासाभरानं रेघेवर काळसर निळी झाक आली. हे लोखंड. व्हेज-टॅन चामड्यात टॅनिन, म्हणजे साली-फळांतला तुरट घटक, ठासून भरलेलं असतं, ओल्यात लोखंडाचा कण लागला की काळा रंग तयार होतो. कलमकारीत हिरड्याच्या पाण्यात बुडवलेल्या कापडावर लोखंड आणि गुळाच्या आंबवलेल्या पाण्यानं काळी रेघ काढतात, ती याच न्यायानं. तिथे ती कला, आपल्याकडे डाग.

स्टायलसचं टोक गंजलंय का पाहा. रापीला (चामडं कापायच्या सुरीला) धार लावल्यावर ती पुसल्याशिवाय त्याच ओट्यावर काम करू नका, धारेचा बारीक चुरा डोळ्यांना दिसत नाही, चामड्याला दिसतो. गंजकी लोखंडी फूटपट्टी तर नकोच, शिरोरेषेसाठी प्लास्टिकची घ्या. आणि सगळ्या तुकड्यावर कुठेही, विनाकारण करडे-काळे ढग येत असतील तर पाणी बदलून पाहा. बोअरच्या पाण्यात लोह असलं की असं होतं. बादलीच्या तळाशी तांबूस गाळ बसत असेल तर तेच. पिण्याचं गाळलेलं पाणी वापरा आणि भांडं प्लास्टिकचं किंवा काचेचं.

डाग ताजा असेल तर कोपऱ्यात आधी करून पाहून लिंबाचा रस पाणी घालून लावा. लोखंडाचा काळेपणा बराच उतरतो. मग साध्या पाण्यानं सगळा तुकडा पुसून घ्या. लिंबानं काहीच फरक पडला नाही तर तो डाग बहुधा शाईचा. बॉलपेननं गिरवलेल्याचा शेवट तोच. ओल्या चामड्यात शाई आत उतरते आणि तिथेच मुक्काम करते. पूर्ण संपलेली, कागदावर ओढून खात्री केलेली रिफिल चालते, नाहीतर क्रोशाच्या सुईचं मागचं गुळगुळीत टोक वापरा. कार्बन पेपर मुळीच नको.

लहानपणी आईला भरतकामाचा खाका उतरवताना पाहिलं होतं. ट्रेसिंगला सुईनं भोकं पाडायची, रॉकेलमध्ये नीळ कालवून बोळ्यानं वरून पुसायचं, कापडावर ठिपक्यांची नक्षी तयार. म्हटलं, हे चामड्यावर का नको? केलं. ठिपके सुरेख आले. रॉकेलनं प्रत्येक ठिपक्याभोवती तेलकट कडी धरली आणि नीळ आतपर्यंत गेली. तो तुकडा शेवटी काळा रंगवला आणि त्याचं चाव्यांचं पाकीट केलं. कोरड्या खडूच्या भुकटीनं हाच प्रकार गडद चामड्यावर बरा जमतो, पण रेघ लगेच स्टायलसनं पक्की करावी लागते, फुंकरीनं उडते.

झेरॉक्स उलटी ठेवून थिनरनं उतरवायची पद्धतही बरेच जण करतात. जमते, पण थिनर चामड्यातलं तेल ओढून घेतो आणि तो भाग पुढे रंग वेगळा पितो. शिवाय झेरॉक्स आरशातल्यासारखी उलटी काढलेली नसेल तर ‘श्री’ उलटा उमटतो. मी सोडून दिली.

किती गिरवायचं

फक्त चाकूनं कापायच्या रेघा. पाकळीतल्या शिरा, छाया, शेवटचे शोभेचे काप हे सगळं हातानं करायचं असतं, ते उतरवलं तर न कापलेल्या रेघा तशाच राहतात आणि पाकळीवर ओरखडे पडल्यासारखं दिसतं. देठ दुसऱ्या पानाखाली जातो तिथे रेघ थांबवा. दाब पेन्सिलीनं लिहिताना असतो तितकाच. एकाच रेघेवरून दोनदा जाऊ नका, दुसऱ्यांदा हात तंतोतंत तिथे जात नाही.

फिल्म काढताना तीन बाजूंची टेप सोडवा, चौथी राहू द्या. कॅलेंडरचं पान उलटावं तशी फिल्म वर करा, दिवा जमिनीला समांतर धरा आणि एका कोपऱ्यापासून रेघा तपासा. जे राहिलं असेल त्यासाठी फिल्म पुन्हा खाली आणली की ती जागेवरच येते. देवनागरीत सगळ्यात जास्त राहून जातो तो अनुस्वार, कारण तो शिरोरेषेच्या वर एकटा असतो आणि हात तोवर पुढच्या अक्षरावर गेलेला असतो. ‘आनंद’ लिहिलेला एक पट्टा मी रंगवून, पॉलिश करून, बक्कल लावून तयार केला आणि देताना लक्षात आलं की ‘आनद’ झालाय. तो सध्या माझ्याच कमरेला आहे.